दवाखान्याचं गाऱ्हाणं

२०२४ साल. माझं वय एकाहत्तर. नाहूरच्या आमच्या नव्या हॉस्पिटलचं काचेचं दार आपोआप उघडलं आणि वॉचमनने काठी आडवी केली. काठी माझ्या बायकोच्या पोटाला लागली.

"सरकारी योजनेचे पेशंट ना? मागून जायचं."

मी म्हणालो, "तिला चालवत नाही. पाय बघ तिचे."

पाय सुजून असे झाले होते की चप्पल जात नव्हती. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर अंगात पाणी भरतं आणि श्वास लागतो. त्या दिवशी पहिलीच खेप होती. काउंटरवरची पोरगी खुर्चीतून न उठता बोलली, मराठीतच बोलली, "आजोबा, फुकटवाल्यांना पुढून एन्ट्री नाही. इथे पेशंट बसतात."

इथे पेशंट बसतात. मग माझ्या हाताला धरून उभी होती ती कोण?

ही म्हणाली, "चला हो. मशीन तर तीच असतली."

आम्ही वळसा घालून मागे गेलो. तिथे मळक्या चादरींचे गठ्ठे पडले होते आणि जेवणाचे डबे धूत होते. त्या पाण्यातून ती साडी वर धरून चालली. मी गिरणीत बॉयलरजवळ घाम गाळलाय, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिलोय. शिव्या खाल्ल्यात, दिल्यात पण. पण बायकोला असं पाण्यातून चालताना बघून माझी मान खाली गेली ती पहिल्यांदा.

त्या जागेवर आधी सरकारी दवाखाना होता. माझी दोन्ही मुलं तिथं जन्मली. कौलं गळायची, नर्स खेकसायची, पण दार एकच होतं. मग म्हणाले, मोठं हॉस्पिटल बांधू. दवाखाना पाडला आणि पत्रे ठोकले. पत्र्यावर दर निवडणुकीला नवा फोटो. आत गवत.

शेवटी आम्ही धरणं धरून बसलो. गेटसमोर ताडपत्री टाकून रोज आळीपाळीने. पुढारी होता दिनू. आमच्याच चाळीतला, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. आवाज चांगला, पोरगा धडपड्या. पहिल्या दिवशी गाऱ्हाणं मी घातलं.

आम्हा कोकणातल्यांत कुठलंही काम सुरू करताना वयाने मोठा माणूस नारळ हातात घेऊन देवाला हाक मारतो. काय चाललंय, काय पाहिजे, ते मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग नारळ फुटतो. चाळीत गणपती असो, लग्न असो, पाण्याची नवी मोटार बसवायची असो, गाऱ्हाणं माझं. चौथी शिकलेल्या माणसाला एवढा एकच मान होता आणि मी तो जपून होतो. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नाही, हे मला माझ्या बापाने सांगितलेलं.

ताडपत्रीवर पावसाळा गेला, थंडी गेली. मग एका संध्याकाळी दिनू मंत्रालयातल्या बैठकीतून पेढे घेऊन आला.

"तात्या, जमलं! दोन्ही बाजू एकेक पाऊल मागे आल्या."

आमचं पाऊल मागे गेलेलं मला कळलं. त्यांचं कुठलं गेलं ते अजून दिसलेलं नाही. हॉस्पिटल होणार, पण एक कंपनी चालवणार. थोड्या खाटा योजनेतून रेशनकार्डवाल्यांना, बाकी पैसेवाल्यांना.

मी म्हणालो, "दिनू, जमीन आपली, आणि खाटा आपल्याला थोड्या?"

"तात्या, नाही म्हटलं असतं तर तिथं बिल्डरचा टॉवर उभा राहिला असता. मग त्या टॉवरमध्ये काय दवाखाना मिळाला असता?"

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. तेच तर वाईट. लोक थकले होते. टाळ्या वाजल्या. ताडपत्री कुणी घडी करून नेली तेही कळलं नाही.

आणि हिचा नंबर मशीनवर लागला तो दिनूच्या शब्दाने. योजनेच्या रांगेत माणसं खूप, मशीन मोजक्या. दिनूने फोन केला, काम झालं. म्हणून काठीच्या त्या दिवशीही मी पुढे भांडलो नाही. नंतर प्रत्येक खेपेला मागूनच गेलो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर हॉस्पिटलच्या नव्या मजल्याचं उद्घाटन ठरलं. दिनू घरी आला. चहा घेतला. हिच्या पायांकडे बघितलं.

"काकी, बरं वाटतंय ना आता? मशीन वेळेवर मिळते ना?"

"मिळता बाबा. तुझीच कृपा."

"तात्या, उद्घाटनाला गाऱ्हाणं तुम्ही घालायचं. साहेबांना म्हटलंय मी, आमचा तात्या म्हणजे झकास. एवढंच म्हणा, की वस्तीचं स्वप्न पुरं झालं. बाकी तुमचं नेहमीचं."

तो गेल्यावर मी म्हणालो, मी नाही जाणार.

ही भडकली. "चार शब्द बोला, नारळ फोडा, घरी या. तुमचा काय जाता?"

"देवासमोर खोटं बोलू?"

"देव येता काय माका मशीनीर लावूक?"

मी गेलो.

त्या दिवशी मला पुढच्या दाराने घेतलं. काठीवाल्याने सलाम केला. अंगावर शाल घातली. हिला पहिल्या रांगेत लाल खुर्ची. इतर वेळी एकमेकांची लाज काढणारे दोन पक्षांचे साहेब एका सोफ्यावर बसून काजू खात होते. कंपनीचा मालक मोबाइल माझ्यावर धरून बाजूच्याला हिंदीत म्हणाला, "बूढ़ा मस्त है."

मी नारळ धरला. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां हय जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा मांडव बोलला. माझी चाळ, मागची चाळ, सगळे. मला वाटलं, आत्ता दिनूने सांगितलेले ते शब्द बोलून टाकावे. जिभेवर आले पण. आणि तिथेच अडकले. ओढून बाहेर येईनात.

"ह्या जाग्यार आमचो दवाखानो होतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो पाडलो, आणि पैशेवाल्यांच्या हातात दिलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने आलं. मागून कुणीतरी हसलं.

"आमची माणसां मागल्या दारान जातत, म्हाराजा! गटाराच्या पाण्यातना जातत, म्हाराजा!"

आता पाच-सहाच आवाज आले. मी डोळे उघडले. दिनूचा हात माइकवर होता.

"तात्यांचं वय झालंय," तो हसत म्हणाला, "पण प्रेम बघा वस्तीवरचं! टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि टाळ्या झाल्या. खरंच झाल्या. बेंजोचा बँड सुरू झाला. कुणी मला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांच्यासाठी बोललो ती माणसं समोशाच्या टेबलाकडे वळली. चाळीतला माझ्या वयाचा एक जण जवळून जाताना बोलला, "तात्या, जोरात झाला हां." एखाद्या नाटकातलं काम बघितल्यासारखं.

नारळ मी फोडला नाही. गाऱ्हाणं पुरं झालं नव्हतं. मालकाने दुसरा आणून फोडला.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. उद्याची तुमची वेळ दुसऱ्याला दिली आहे. पुढची कळवू. मी दिनूला फोन लावला नाही. हिने लावला. त्याने उचलला नाही.

ती भिंतीला टेकून बसली. "झाला समाधान? तुमचा इमान तुमच्याकडे. माझ्या श्वासाचा काय?"

मी तिच्याजवळ बसलो. माफी मागितली नाही. खरं बोलल्याची माफी मागायला मला येत नाही. पण तिचं म्हणणं खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. तिला उशा लावून बसवलं. आडवी झाली की घुसमटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून तिला लांबच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. रांग फाटकाबाहेर गेलेली. लोक जमिनीवर झोपलेले. मी तिला जिन्यात बसवलं आणि खिडकीपर्यंत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "मशीनला वेटिंग आहे. कुणाची चिठ्ठी आणलीय? खासदार, आमदार, कुणी?"

"चिठ्ठी नाही. माणूस आणलंय. जिन्यात बसलंय, श्वास लागलाय."

"मग थांबावं लागेल. बाजूला व्हा."

"थांबतो. बाजूला होत नाही."

मागचे ओरडायला लागले. शिपाई आला, दंडाला धरलं. मी खिडकीची जाळी दोन्ही हातांनी पकडली आणि आतल्या माणसाला सांगितलं, "डॉक्टर येऊन तिला बघेपर्यंत हे हात सुटणार नाहीत. चिठ्ठी मी कुणाचीच आणणार नाही. आज नाही, मरेपर्यंत नाही."