माशाच्या वतीने मी केलेली तक्रार

मी आयुष्यात जितकी पत्रे लिहिली, त्यांपैकी एकही निनावी नव्हते. निनावी पत्र लिहिणारा माणूस भित्रा असतो आणि त्या पत्रावर कार्यवाही करणारा अधिकारी त्याहून भित्रा. हे आरंभीच नमूद करण्याचे कारण असे की, पुढे जे घडले त्यावर आमच्या मुर्री गावातल्या अनेकांनी मला एकच शहाणपण ऐकवले : "खाली नाव टाकलं नसतं तर निभलं असतं." त्या सर्वांना मी तेव्हा फाटकाबाहेर उभे ठेवले होते. आजही त्यांना आत बोलावण्याचे कारण मला दिसत नाही.

भंडाऱ्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याच सुमारास मी न्यायालयातल्या अधीक्षकपदावरून निवृत्त झालो. सारी नोकरी दुसऱ्यांच्या फिर्यादी नोंदवण्यात गेली. निवृत्तीनंतर मी स्वतःच्या लिहू लागलो. नागऱ्याच्या वाटेवरचा उघडा नाला, वेळापत्रकात असलेली पण रस्त्यावर नसलेली एसटी, भाताच्या या जिल्ह्यात रेशनच्या तांदळात निघणारे खडे, यांतले काहीही मी सोडले नाही. गोंदियात कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसणारा म्हातारा मला सायकलवरून उतरताना पाहिले की विचारायचा, "बाबूजी, आज किसकी बारी है?" मी त्याला उत्तर देत नसे. समास नीट सोडायला सांगत असे. उत्तर मला कोणत्याच कार्यालयाकडून येत नसे, म्हणून त्यालाही त्याची अपेक्षा नसावी.

माझी एकुलती एक मुलगी नागपुरात प्राणिशास्त्र शिकली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका संशोधन प्रकल्पात लागली. तिचा विषय व्हेल शार्क. एसटीच्या बसएवढा मोठा, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा, तोंड उघडे ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा आणि माणसाला काडीचाही अपाय न करणारा हा मासा तिथे वर्षातले काही महिने येतो. पूर्वी त्याला मारून त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना फासत आणि मांस परदेशी पाठवत. ती त्याच्या डाव्या कुशीवरच्या ठिपक्यांची छायाचित्रे घेई. कारण आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी त्या ठिपक्यांची मांडणी दोन माशांत सारखी नसते.

माझा धाकटा भाऊ दिवाळीला आला तेव्हा पाटावर बसल्याबसल्या म्हणाला, "दादा, आपल्या धानाच्या बांधीत का मासोळ्या नाही? पोरगी समुद्रात कायले धाडली?"

"तुझ्या बांधीतली मासोळी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाही," मी म्हणालो.

"मंग कढईत हाये ना," तो म्हणाला, आणि सगळी पंगत हसली. त्यानंतर दोन वर्षे मी त्याच्याकडे गेलो नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याची प्रत मी मुद्दाम मागवली होती. हा मासा त्यात नव्यानेच आला होता, आणि आला तो थेट पहिल्या अनुसूचीत, आमच्या नागझिऱ्याच्या वाघाच्या पंक्तीत. त्याला मारणे म्हणजे वाघाला मारणे. मुलीच्या कामातले हे एवढे मला पूर्ण कळले होते. बाकीचे कळले आहे असे मी समजत होतो.

एके दिवशी टपालाने तिचे जाड पाकीट आले. सोबत आईच्या नावे चिठ्ठी : इथल्या खाऱ्या हवेने फोटो एकमेकांना चिकटतात, म्हणून घरी पाठवते आहे; उघडू नका, क्रम बिघडेल.

मी पाकीट उघडले. क्रम बिघडू नये म्हणूनच प्रत्येक छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने, न्यायालयात पुराव्याच्या कागदांवर घालतात तसे, 'निशाणी एक', 'निशाणी दोन' असे क्रमांक घातले.

"तिनं उघडू नोका म्हनलन ना?" पत्नी दारातून म्हणाली.

"मी उघडत नाही. तपासतो आहे."

निशाणी सहापर्यंत फक्त ठिपके होते. सातव्या छायाचित्रात होडीच्या काठावरून एक माणूस अर्धा बाहेर वाकलेला होता. त्याच्या उगारलेल्या उजव्या हातात कोयता होता आणि त्याच्या खाली पाण्यात तो मासा. मी भिंग घेतले. माशाच्या पाठीवर बारीक, आडव्यातिडव्या, तांबूस रेषा दिसल्या. मी त्या मोजल्या आणि टिपणात लिहिले : 'शस्त्राच्या जखमा, अनेक.' माणसाचा चेहरा स्पष्ट होता. होडीचा क्रमांक वाचता येत होता. इतका पूर्ण पुरावा माझ्या साऱ्या नोकरीत मी पाहिला नव्हता.

"पोरीले पुसा तरी आगुदर," पत्नी म्हणाली.

साक्षीदाराला आधी विचारत नसतात. विचारले की त्याची साक्ष बिघडते. मी हे तिला समजावले. शिवाय एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. मुलगी त्या होडीत होती. गुन्हा डोळ्यांदेखत घडला आणि तिने तो कळवला नाही, असे उद्या कोणी म्हणाले तर तीही गुन्ह्यात ओढली जाणार होती. म्हणून तिच्याआधी मी कळवणे आवश्यक होते. तिकडच्या वनखात्याच्या कार्यालयाला मी अडीच पानांची तक्रार लिहिली. छायाचित्राची दुसरी प्रत काढून जोडली. 'छायाचित्र घेणारी व्यक्ती माझी कन्या असून ती निर्दोष संशोधक आहे' हे वाक्य अधोरेखित केले, खाली सही, संपूर्ण पत्ता, आणि पोचपावतीसह रजिस्टर टपालाने रवाना केली.

महिनाभरात उत्तर आले. तक्रारीची दखल घेण्यात आली असून संबंधितावर कार्यवाही सुरू आहे. मी ते पत्र दोनदा वाचले. नाला, एसटी आणि तांदूळ यांपैकी कशाचीही दखल न घेणाऱ्या या देशात, हजार कोसांवरच्या एका माशासाठी लिहिलेले माझे पत्र कोणीतरी वाचले होते. त्या दिवशी मी टाइपवाल्या म्हाताऱ्याला स्वतःहून चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात मुलगी न कळवता घरी आली. मासे येण्याचे दिवस अजून सरले नव्हते. त्या दिवसांत ती कधीच येत नसे. स्टेशनवरून सायकलरिक्षाने आली, पायही धुतले नाहीत, पिशवी ओसरीवर टाकली आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

"पाकीट द्या."

मी दिले. तिने सातवे छायाचित्र काढले, मागे पेन्सिलीचा क्रमांक पाहिला आणि ते माझ्यापुढे धरले.

"हे काय हाये, बाबा?"

"कोयता."

"आन हे?"

"जखमा."

"हे जाळं हाये." ती आवाज न चढवता म्हणाली, चढवला असता तर मला उत्तर देता आले असते. "नायलॉनचं, तांबडं जाळं. मासा त्यात गुतला होता. थो माणूस सोताचं जाळं कापून राहिला होता. सोताचं, बाबा. कापलं आन मासा सोडून देला."

मी जाळी पाहिली होती ती आमच्या तलावांत मासे धरणाऱ्या ढीवरांची. हाताने फेकायची, हाताने ओढायची. मैलभर लांबीचे जाळे असते आणि ते माशाच्या कातडीत असे रुतते, हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. मी तसे म्हणालो. पुढे असेही म्हणालो की, छायाचित्राच्या मागे दोन ओळींची नोंद करण्याची शिस्त तिने पाळली असती तर हा प्रसंग उद्भवला नसता.

"तुमच्यासाठी नोताच तो फोटो," ती म्हणाली.

मग एकेक करून बाहेर आले. त्या माणसाची होडी धक्क्याला बांधून ठेवली होती. तो रोज सकाळी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन बाकावर बसत होता आणि संध्याकाळी परत पाठवला जात होता. ज्यांनी या पोरीला आपल्या घरात जेवू घातले, तिचा शब्द मानून मासा मारणे सोडले, अशी बंदरातली सगळी माणसे आता तिला पाहून तोंड फिरवत होती. कारण तक्रारीत तिचेच नाते लिहिलेले होते, तेही अधोरेखित.

"पयले जाळ्यात मासा आला का मले बोलवत होते. मी जात होती, फोटो काढत होती, मासा जित्ता सुटत होता. आता कोनी बोलवनार नाही. कोयता उचलाचीच भीती बसली. गुतला मासा तं गुतू द्या, मेला तं बुडवून टाका, कोनाले सांगू नोका, असं बोलून राहिले. मायी चार वर्सं गेली ते जाऊ द्या. मासे मरतील, बाबा. तुमच्या पत्रानं मरतील."

"तक्रार मागे घेतो."

"येत नाही घेता. तुमालेच ठाऊक."

मला ठाऊक होते. असा गुन्हा शासनाविरुद्धचा असतो; तक्रारदाराच्या मर्जीवर तो मिटत नाही. पण तिने तिथल्या अधिकाऱ्याला गाठून एक वाट काढली होती : आपल्याला प्रत्यक्ष माहिती नव्हती, असे तक्रारदाराने शपथेवर लिहून द्यावे; तिने काढलेली मासा सुटल्याची छायाचित्रे सोबत असावीत; मग प्रकरण बंद करता येईल.

मी तीन पानांचे प्रतिज्ञापत्र तयार केले. त्यात कायद्याचा हेतू, नागरिकाचे कर्तव्य, छायाचित्रातील संदिग्धता आणि सद्भावनेने केलेल्या तक्रारीस मिळणारे संरक्षण, हे सर्व क्रमवार होते. मुलीने ते उभ्यानेच वाचले, माझेच पेन घेतले आणि रेघा मारत गेली. उरल्या तीन ओळी. मी घटना पाहिलेली नाही. मी ज्यास जखमा म्हटले ते जाळे आहे. त्या इसमाने मासा सोडला. चौथी ओळ तिने स्वतः घातली : मी कधीही समुद्र पाहिलेला नाही.

"शेवटचे विधान असंबद्ध आहे," मी म्हणालो.

"सगळ्यात संबद्ध तेच हाये."

"न्यायालयाच्या आवारात मला तीस वर्षे ओळखतात."

"त्याले बी त्याच्या बंदरात ओळखतात, बाबा."

पत्नी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सई करा," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला गेलो. शपथ देण्याच्या टेबलाजवळ कागद पाहणारा कारकून माझ्याच हाताखाली लागलेला होता; समास वाकडा सोडतो म्हणून मी त्याला एकदा सर्वांदेखत उभे केले होते. त्याने कागद हातात घेतला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. चौथ्या ओळीशी थांबला.

"मी कधीही समुद्र पाहिलेला नाही," त्याने परत वाचले. बाकावरचे दोन पक्षकार वळून पाहू लागले.

"मोठ्याने वाचण्याची गरज नाही," मी म्हणालो.

"शपथेवरचं हाये जी, साहेब. वाचून दाखवा लागते. तुमीच शिकवलं." मग त्याने शिक्का शाईवर दाबला. "पन खरं सांगू का? आमीबी नाही पायला."

तो दिलासा देत होता. मला दिलासा नको होता. मी सही केली, कागद घेतला आणि त्याच्या समासात अजूनही दोष आहे हे त्याला सांगून बाहेर पडलो.

होडी सुटली, पण तोवर मासे येण्याचे दिवस संपले होते. मुलगी परत गेली. बंदरातल्या जाणत्यांनी तिला समोर बसवून अट घातली : राहायचे तर राहा, फोटो काढायचा तर काढ, पण एकही फोटो तुझ्या बापाच्या घरी जाता कामा नये. अशी अट घालण्याचा त्यांना कोणता अधिकार पोचतो, हे मी तिला पत्राने विचारले. त्या पत्राचे उत्तर आले नाही. त्यानंतर सारी पत्रे आईच्या नावे येऊ लागली.

पुढचे वर्ष उजाडले. मासे यायला लागले होते, पण तिला कोणी बोलावत नाही, एवढे मला पत्नीकडून कळत होते. त्या काळात मी नवी तक्रार कोणतीच लिहिली नाही. लोकांनी त्याचा अर्थ मी सुधारलो असा लावला. तो चुकीचा आहे. नाला उघडाच होता आणि त्याबद्दल माझे मत बदललेले नव्हते. मला फक्त दुसरे काही सुचत नव्हते.

मग एका दुपारी फोन वाजला. मी उचलला.

"बाबा, काल आला एक."

"तुला बोलावले?"

"हो. त्यानंच बोलवलं."

"त्यानेच? ज्याची होडी..."

"हो."

"जाळे?"

"कापलं. पूरं गेलं."

"मासा?"

"गेला ना. शेपटी मारली आन खोल गेला."

मी खुर्ची ओढून बसलो. मला तिला काही विचारायचे होते. ते शब्द मला सापडेनात, म्हणून जे सापडले ते विचारले. "पंचनामा केला का? साक्षीदार कोण होते?"



"आईले द्या फोन," ती म्हणाली.

मी दिला. पत्नीने पदराला हात पुसून रिसीव्हर कानाला लावला, माझ्याकडे पाठ केली आणि ऐकता ऐकता हसू लागली. पुष्कळ दिवसांनी हसली. फोन ठेवल्यावर मी विचारले, "काय म्हणाली?"

"तुमाले नाही सांगाचं म्हनते," पत्नी म्हणाली आणि आत गेली.