हळदीच्या अंगावर चढवलेला रंग

सागरनं शर्ट काढला आणि कोच डोक्याला हात लावून बाकड्यावर बसला. पोरगं गळ्यापासून बेंबीपर्यंत पिवळंधमक. संध्याकाळी बॉडीबिल्डिंगचा शो, आणि अंगावर हळद.

"काल ताईची हळद होती," सागर म्हणाला. "वहिन्यांनी धरून चोळली."

"ऐंशी किलोचा गडी तू. तुला बायका आवरल्या नाय?"

"वहिन्या आहेत सर त्या."

कोच माझ्याकडं वळला.

मी पंचवटीत बॉडीबिल्डरांना स्टेजचा रंग लावतो. शाळा चौथीपर्यंत. आधी तालमीत मालिश करायचो. तालमी ओस पडल्या, जिम आल्या, मालिशवाल्याचा रंगवाला झाला. लोक विचारतात, चांगल्या माणसाला काळं कशाला करता? तर स्टेजवरचे लाइट लय कडक असतात. गव्हाळ अंग त्यात पिठासारखं दिसतं, कमावलेला एक कट दिसत नाही. गडद तांबूस रंग असला की स्नायू न् स्नायू सुटा दिसतो. परदेशात म्हणे मशिनीत झोपून अंग भाजून घेतात. आपण बाटलीवर भागवतो. दुकानात जग गोरं व्हायची क्रीम मागतं, माझ्याकडं काळं व्हायची.

बाटल्या दोन जातीच्या. एक लोशन कातडीत मुरतं, सावकाश चढतं आणि आठवडाभर हटत नाही. दुसरा रंग नुसता वर बसतो. लगेच दिसतो, साबणानं जातो, पण घाम आला की ओघळतो. शोला सगळे पहिलंच मागतात. मीही तेच लावतो.

पण त्या लोशनला कोरी कातडी लागते. तेल, क्रीम, सेंट, काही चालत नाही. हळदीत तर वाटीभर तेल. मी कमरेवर, चड्डीखाली झाकलं जाईल अशा जागी थोडं लावून बघितलं. शेवाळासारखा हिरवट चट्टा उठला.

"रगडून काढा हळद," कोच म्हणाला.

"रगडली की कातडी सोलपटते. सोललेल्या जागी लोशन डाग धरतं. चित्ता करून पाठवू का त्याला?"

सागरचं तोंड उतरलं. त्याच्या वडिलांचा विंचूरला कांद्याचा व्यापार. त्यांनी सांगून ठेवलं होतं, पहिल्या पाचात आलास तर जिममध्ये ट्रेनर हो, नाही तर ताईचं लग्न उरकलं की गाळ्यावर बस. जिमचा मालक त्याला ठेवायला तयार होता. सगळं त्या संध्याकाळवर होतं.

तेवढ्यात डबा घेऊन त्याची आई आली. दारातूनच म्हणाली, "तात्या, उद्या लग्न हाय. हळदीच्या अंगाला काळं फासता? अन् फोटोत हा बहिणीमागं तव्यासारखा उभा राहणार?"

"साबणानं जाणारा लावला तर?" मी विचारलं.

"मग जाऊ द्या. घरी गेल्यावर मी सोता घासून काढीन."

कोच उसळला. "तात्या, स्टेजवर ओघळ आला तर जज मार्क कापतात."

"मग घाम येऊ देऊ नका. स्टेजवर जायच्या आधी अंग फुगवायला डंबेल मारायला लावता ना, ते आज बंद."

"बंद नाय करता येत. दंड सपाट दिसतील." कोचनं जरा विचार केला. "रबरी पट्ट्यावर करू. हळूहळू. पंखा समोर ठेवून."

हे मला सुचलं नसतं. बरं म्हणालो.

बेसन लावून सागरची आंघोळ झाली. तेल गेलं, पिवळेपणा थोडा राहिला. राहू दे म्हटलं, वरून तपकिरी बसणारच होतं. मग स्पंजनं पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. जाड थर दिला की पोपडे धरतात.

पाठीला अडलो. पाठ दोघांनी दोन बाजूंनी एका वेळी लावावी लागते, नाही तर मधोमध पट्टा उमटतो. डावी बाजू माझी बायको लावायची. ती गेल्यावर हा पहिलाच शो. उजवी बाजू भिजवून मी स्पंज डावीकडं पुढं केला, आणि घ्यायला कोणी नव्हतं.

सागरच्या आईनं बांगड्या मागं सारल्या. "आणा इकडं. काल पिवळा केला, आज काळा. उद्या काय करायचं राहिलं?"

बाईचा हात साफ होता. पट्टा आला नाही.

स्टेजवर पहिल्या दोन पोझ नीट गेल्या. तिसरीला सागरच्या कानामागून एक तपकिरी थेंब निघाला आणि मानेवरून छातीकडं सरकायला लागला. मी विंगेत. तिथून काय करणार? कोचनं माझं मनगट आवळलं. थेंब गळ्याच्या हाडापाशी आला आणि जजनी पाठमोरं व्हायला सांगितलं. पाठ कोरडी होती, एकसारखी. परत वळेपर्यंत थेंब तिथंच वाळला.

नावं खालून वाचतात. पाचवा म्हणून सागरचंच नाव आलं. मी तिथल्याच खुर्चीत बसलो. कित्येक महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

वडील म्हणाले, "पाचवा म्हणजे काठावर पास."

"पाचात बोलला होता तुम्ही," आई म्हणाली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो. पोरगं घासून लख्ख केलं होतं. फक्त बोटांच्या पेरांत रंग राहून गेला होता. कानपिळीला त्यानं नवरदेवाचा कान पिळला तो तपकिरीच झाला. वरमाय रुमालानं पुसत बसली, आणि फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला.

गिऱ्हाईक पहिलं विचारतं, रंग किती दिवस टिकेल? आता बाटली उघडायच्या आधी मी विचारतो, काल काय होतं आणि उद्या काय आहे?