भेटायला येणाऱ्यांना मी काय सांगितलं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे सही आणि वाण्याची यादी एवढंच लिहिणं झालं. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण कोणाच्या हाती पडलंच तर माझ्या चुका पोटात घालाव्यात. माझ्या धाकट्या दिराने जे केलं ते मात्र पोटात घालू नये. मीही घातलेलं नाही.

माझ्या छातीत दोन-तीन वर्षं मधूनमधून धडधड व्हायची. दादरला पोळीभाजीच्या दुकानात मी पोळ्या लाटते. लाटता लाटता ठोके कसेही पडायला लागायचे, घशापर्यंत यायचे, आणि मला पिठाच्या डब्यावर बसावं लागायचं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजीची पट्टी काढली की सरळ यायची. दीर आणि जाऊ आमच्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहतात. जाऊ गॅलरीत बायकांना म्हणाली, "आमच्या ताईंना कामाच्या वेळीच बरोबर धडधडतं." सगळ्या हसल्या. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मला चटकन बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

शेवटी परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी छातीला यंत्र बांधून घरी पाठवलं. त्या रात्री ठोके बिघडले आणि यंत्रात पकडले गेले. त्यांनी समजावून सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यात चुकीच्या जागांवरून विजेचे झटके निघतात. जांघेतल्या शिरेतून बारीक तार वर न्यायची आणि तेवढ्याच जागा जाळायच्या. त्याला ॲब्लेशन म्हणतात. मला आधी बरं वाटलं ते आजार कळला म्हणून नाही. जावेचं तोंड डोळ्यांसमोर आलं, म्हणून.

पैसे माझ्याकडे असायला हवे होते. पोळ्या लाटून मी दीड लाख साठवले होते. ते दिराने लालबागला सजावटीच्या सामानाचा गाळा घेताना नेले. "वहिनी, दिवाळीला परत करतो," म्हणाला होता. त्याला कितीतरी दिवाळ्या होऊन गेल्या. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर माझे मिस्टर खाली मागायला गेले आणि तसेच वर आले. भावाने सांगितलं होतं की धंदा मंद आहे, आणि वहिनींना खरंच एवढं झालंय का ते दुसऱ्या डॉक्टरला विचारून घ्या. त्याच महिन्यात त्याच्या खोलीला एसी लागला होता. त्याचं पाणी आमच्या जिन्यात ठिबकायचं. माझ्या आईच्या पाटल्या गहाण ठेवून आम्ही पैसे भरले. मुदतीत सोडवल्या नाहीत तर त्यांचा लिलाव होणार होता.

ऑपरेशन नीट झालं. जांघ काळीनिळी पडली होती, छातीत खोल श्वास घेतला की दुखायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू. बादली उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तेही खाली बसायचे. मिस्टरांनी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सगळ्यांच्या देखत गॅलरीतून नेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंनी आणखी एक सांगितलं होतं, राग करून घेऊ नका. मिस्टर त्याची रोज आठवण करून द्यायचे. पण खरं सांगायचं तर दिराचा विचार करत पडले की माझे ठोके घड्याळासारखे चालायचे.

मग लोक भेटायला यायला लागले. बिस्किटांचे पुडे, शहाळी, मोसंबी. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेलं माणूस दोन प्रश्न विचारतंच. आता कसं वाटतंय, आणि खर्च किती आला. सगळ्यात आधी समोरच्या खोलीतल्या मालवणच्या काकू आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारलाच नाही.

"खर्च किती इलो गो?"

मी आकडा सांगितला.

"अरे देवा. मगे पैसे खंयसून काढलंस?"

नेहमीची मी असते तर "झालं कसंतरी" म्हटलं असतं. त्या दिवशी तेवढा जोर नव्हता. मी म्हटलं, "आईच्या पाटल्या ठेवल्या, काकू. माझे दीड लाख भावोजींकडे आहेत, ते आले नाहीत."

काकूंनी मोसंबी ठेवली आणि उठल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तळमजल्याच्या नळापर्यंत पोहोचली होती. मला उशीवर पडल्या पडल्या कळलं, माझ्याकडे काय आलंय ते.

त्यानंतर जो जो आला त्याला मी तेच सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, आवाज चढवला नाही. विचारल्याशिवाय तर बोललेच नाही. पण विचारायचं कोणी सोडत नव्हतं. दिराच्या मित्राची बायको आली, तिलाही सांगितलं. जावेची भिशीतली मैत्रीण आली, तिला जरा सावकाश सांगितलं, नीट ऐकू जावं म्हणून. मला ते आवडत होतं. आजारपणात दुसरं काही इतकं गोड लागलं नाही.

आणि वेळही अशी की चाळ पाडून टॉवर होणार होता. त्यासाठी रहिवाशांची कमिटी निवडायची होती आणि दीर खजिनदार व्हायला निघाला होता. सकाळी पांढरा शर्ट घालून मजल्यामजल्यावर फिरायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो बायकोला घेऊन वर आला. हातात सफरचंदं. काकू माझ्याजवळच बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"वहिनी, घरातली गोष्ट गॅलरीत कशाला?" तो हळू म्हणाला.

"लोक खर्च विचारतात, भावोजी. खोटं कसं सांगू?"

जाऊ म्हणाली, "ताई, आजारी माणसाने एवढा विचार करू नये. परत धडधडायला लागेल."

"आता यंत्रात दिसतं," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात अर्धे पैसे आले. उरलेले दिवाळीला, म्हणाला. मिस्टरांना वाटलं, संपलं. भाऊ आहे, किती ताणायचं. मला मात्र लोकांची तोंडं उघडी ठेवायची होती. काकू रोज सकाळी दारातून ओरडायच्या, "इले?" आणि मी आतून म्हणायचे, "अर्धे." सगळा मजला ऐकायचा.

मध्येच एका दुपारी ठोके पुन्हा बिघडले. हात गार पडले. मिस्टरांनी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पहिले तीन महिने असं होऊ शकतं, आतल्या जखमा भरतायत, घाबरू नका, थांबलं नाही तर या. अर्ध्या तासाने थांबलं. पण त्या अर्ध्या तासात मी देवाचं नाव घेतलं नाही. मी एवढंच म्हणत होते की आता मेले तर तो सुटला. बाराव्याला येईल, रडेल, आणि माझे पैसे कायमचे त्याचे होतील. एवढ्यासाठी तरी मला जगायचं होतं.

कमिटीची सभा तळमजल्याच्या चौकात झाली. मी गेले नाही, मिस्टर गेले. आल्यावर त्यांनी सांगितलं, भावाचं नाव पुकारल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "आधी वहिनीचे पूर्ण द्या, मग आमचे सांभाळा." लोक हसले. दुसऱ्याला खजिनदार केलं. मिस्टरांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी. दिरासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर एकटाच आला. पाकीट माझ्या पलंगावर टाकलं. "घ्या, वहिनी. झालं मनासारखं?"

मी दार उघडंच ठेवायला सांगितलं. उठून बसले, चष्मा लावला आणि नोटा मोजायला घेतल्या, एकेक, बोट ओलं करून. तो उभा राहिला. बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. एक पाचशेची नोट मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली निघाली. ती मी त्याच्यापुढे धरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि दुसरी काढून दिली. पैसे पूर्ण झाले.