दोन सरकारं, दोन विहिणी आणि वर्धेचा पूर

पहिल्या भेटीत पार्बताबाईनं मला विचारलं, "तू काय शिकला, भाऊ?"

"साहित्य. मुंबईला बी. ए. झालो."

"म्हंजे नदीले पानी कवा चढते, थे पुस्तकात असते का?"

"नसतं."

"मंग इतके वर्सं काय वाचत होता?"



ही १८६४ सालची गोष्ट. तिवशापासून चार कोसांवर, वर्धेच्या काठी, मी रस्तेखात्याच्या साहेबाचा दुभाषा होतो. अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा होता. म्हणून नागपूरकडच्या गाड्या नदीच्या उथळ उतारावरून अमरावतीकडे येत होत्या. म्हणून मला नोकरी होती.

या काठाला नाव निजामाचं आणि अंमल इंग्रजांचा. त्या काठाला सरळ राणीचं राज्य. साहेब दोन्हीकडे गोरेच. पण एकमेकांना काही कळवायचं तर कागद हैदराबादला वळसा घालून जायचा.

आदल्या साली नऊ गाड्या बैलांसकट वाहून गेल्या होत्या. इथे ऊन असतं आणि वर बैतूलच्या डोंगरात पाऊस पडतो. पाणी न सांगता येतं. म्हणून दोन्ही सरकारांनी सहकार्य करायचं ठरवलं. ज्याला आधी पाणी दिसेल त्यानं निशाण उभारायचं. निशाणाचा रंग कोणता, यावर सात महिने पत्रव्यवहार झाला. तिकडचे म्हणत, लाल. इकडचे म्हणत, लाल पाहून लोकांना बंड आठवेल. दोन्ही काठांवर काठ्या रोवल्या गेल्या. निशाणं आली नाहीत.

पार्बताबाई पन्नाशीची माळीण. या काठाच्या वाळूत तिची टरबुजं आणि काकड्या. तिची मुलगी वच्छला समोरच्या काठावर माळ्यांच्याच घरात दिलेली. वच्छलाची सासू मैनाबाई. लग्नात मैनाबाईला मानाचं लुगडं हलकं आलं. तिनं तिथंच शपथ घेतली, या विहिणीशी जन्मात सरळ बोलणार नाही.

ती शपथ ती रोज पाळायची. सकाळी उठून काठावर यायची आणि ओरडायची.

"काहून वं ईनबाई, अजून जित्ती हायस का? तुये टरबुजं तुयासारखेच. वरून गोल न् आतून नुसतं पानी."

पार्बताबाई खुरपं खाली न ठेवता उत्तर द्यायची. "तुई जीभ पाह्यली का मले हे खुरपं आठवते, माय. जिथी जाते तिथी उपटते."

हे सौम्य दिवसांचं. बाकीचं लिहिता येत नाही. वऱ्हाडात लग्नात विहिणी एकमेकींना शिव्यांची गाणी म्हणतात. या दोघींनी लग्न पाच वर्षं चालू ठेवलं होतं.

एकदा साहेबानं विचारलं, "त्या काय बोलतात?"

मी साहित्याचा पदवीधर. मी अचूक भाषांतर केलं. उपमांसकट.

साहेबाची न्याहारी राहिली. त्यानं त्याच दिवशी पत्र लिहिलं. आठव्या दिवशी उत्तर आलं. दोन सरकारांचं पहिल्यांदा एकमत झालं. नदीकाठी अपशब्द उच्चारणाऱ्या बाईला दिवसभर चावडीत बसवावं, दोन्ही काठांवर. दवंडी पिटली गेली.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई काठावर आली. चावडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "ईनबाई, जेवल्या का?"

पार्बताबाईच्या हातातलं खुरपं पडलं. ती गाडीवाल्यांकडे धावली. गाडीवाले हसले. मग तिला दवंडी आठवली.

संध्याकाळी मी म्हणालो, "बरं झालं, शिव्या थांबल्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं माळी कीड पाहतात.

"भाऊ, तिचा काठ उंच हाय. तिले कोसभर वरचं पानी दिसते, मले नाई. शिवी आली म्हंजे नदी धड हाय. थे गोड बोलली म्हंजे पानी आलं. जीव जाताना शपथ मोडते मानूस. आता थे रोजच गोड बोलून राहिली. मी काय समजू?"

मी साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, कागद हैदराबादला गेला आहे.

दवंडीनंतर बाराव्या दिवशी वच्छला निघाली. पहिलटकरीण, नववा लागलेला, माहेरी बाळंतपणाला. तिची दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, सकाळी नदीत उतरली आणि पात्रातच अडकली. पुढे कापसाच्या तीस गाड्या उभ्या होत्या. साहेबाची न्याहारी झाल्याशिवाय या काठावरचा नाका उघडत नसे. आभाळ कोरडं होतं. गाडीवाल्यांनी बैल सोडले होते.

"ईनबाई, जेवल्या का?" मैनाबाई त्या काठावरून म्हणाली.

"जेवली," पार्बताबाई म्हणाली.

"नीट जेवल्या का?"

"नीट जेवली."

"पोटभर जेवल्या का, ईनबाई?" आवाज फाटला होता; पुराची खूण म्हणून तिच्याकडे एवढंच गोड बोलणं होतं.

पार्बताबाई थांबली. दमणीकडे पाहिलं. शेजारी चावडीचा शिपाई उभा होता. तिनं पदर खोचला.

"अवं भवाने," ती ओरडली, "तोंडात काय शेन भरलं हाय का? धड बोल नाई तं मर."

 मग त्या काठावरून पाच वर्षांतली सगळ्यात मोठी शिवी आली. तिच्यात पार्बताबाईच्या सात पिढ्यांची माणसं होती, दोन्ही साहेब होते, मीही होतो. शेवटी होतं, "आंधळे, पानी आलं. माई सून काढ."

यानंतर पार्बताबाई गाडीवाल्यांना जे बोलली, त्यानं तीस गाड्यांचे बैल जुंपले गेले. नाक्याचा बांबू तिनंच उचलला. एक गाडीवाला म्हणाला, हुकूम नाही. तिनं त्याला हुकूम दिला. तोही इथे लिहिता येत नाही. मी दमणीच्या चाकाला खांदा लावला. बी. ए.चा हा पहिला उपयोग.

आम्ही दरड चढलो. चिलीम भरायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग पाणी आलं. मातकट, झाडांसकट. दमणीमागे येऊन थांबलेल्या दोन रिकाम्या गाड्या गेल्या. पार्बताबाईची टरबुजं गेली. निशाणाच्या दोन्ही काठ्या गेल्या, बहुधा एकत्र.

साहेब तोंड पुसत बाहेर आला. "ती बाई काय म्हणाली?"

"पाणी आलं, म्हणाली."

"एवढा वेळ?"

"सविस्तर म्हणाली, साहेब."

त्यानं अहवाल लिहिला. दोन सरकारांच्या सहकार्यानं तीस गाड्यांची माणसं वाचली, असा. पार्बताबाईला कोणी चावडीत नेलं नाही. शिपाई वच्छलाचं बोचकं डोक्यावर घेऊन दमणीबरोबर दरड चढला होता, त्याला वेळ नव्हता.

वच्छलाला मुलगी झाली. पाणी उतरल्यावर मैनाबाई डोंग्यातून बारशाला आली. पार्बताबाईनं तिला काठाचं, भारी लुगडं दिलं. मैनाबाईनं ते उलगडलं, चिमटीत धरलं, उजेडात पाहिलं.

"सूत जाडं हाय," ती म्हणाली.

पार्बताबाईचा चेहरा खुलला. इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. त्या काठावरून पहिली शिवी आली. साहेबानं वही उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी भाषांतर केलं. "नदी आज बेतात आहे, साहेब."

त्यानं लिहून घेतलं.