भुरीचा नायटा

अंगाला खाज सुटली आणि आमच्या मामेसासऱ्यांना कळलं नाही, असं खर्डीच्या पंचक्रोशीत आजवर घडलेलं नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी माझी नोकरी विचारत होती आणि हे बायकोचे मामा एकटक माझ्या मानेकडे बघत होते. चहा झाल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘घामोळं हाय. कापडं सुती घाला. बाकी पोरगा चांगला वाटतो.’’ झालं, लग्न ठरलं. कसाऱ्याकडे रेल्वेचे रूळ तपासण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी कातडीकडे वळवली. माणसं तपासून घेत नाहीत, बैल लाथ मारतो, म्हणून सगळा भार आला मांजरांवर.

मांजर खाजवताना दिसलं की मामा डोक्यावरची पांढरी टोपी काढून ओली करायचे, मांडीवर पसरायचे आणि तिच्यावर मांजर विंचरायचे. पडलेले काळे कण ओल्या टोपीवर लाल उतरले की निकाल लागला, पिसवा. टोपी मग तशीच वाळवून पुन्हा डोक्यावर. लाल ठिपक्यांची टोपी घालून ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवर तावातावाने बोलणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. कानात चहाच्या भुकटीसारखी घाण दिसली की कानातले किडे. हनुवटीवर काळे ठिपके आले की दोष प्लास्टिकच्या वाटीचा. त्या एका शोधानंतर त्यांनी पाड्यातल्या घराघरांतून मांजरांच्या प्लास्टिकच्या वाट्या उचलल्या आणि जागी स्टीलच्या ठेवल्या. स्टीलच्या वाट्या कुठून आल्या हे मामींना पाहुणे जेवायला बसल्यावर कळलं, आणि तो विषय त्या घरात अजून मिटलेला नाही.

मामा चुकत नसत असंही नाही. एकदा बैलांच्या गोचिडांचं औषध उरलं, ते त्यांनी वाया जाऊ नये म्हणून आपल्या लाडक्या भुरीच्या पाठीला चोळलं. थोड्याच वेळात मांजर थरथरायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली. मामा तिला पंच्यात गुंडाळून रिक्षाने शहापूरला घेऊन गेले. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजर वाचवलं आणि मामांना असं झापलं की रेल्वेत एवढ्या वर्षांत साहेबाने झापलं नसेल. बैलाचं औषध मांजराला विष असतं, हे तेव्हापासून मामा एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगतात. तो बिचारा झोपलेला असला तरी.

तर या भुरीला नायटा झाला. कानामागे आणि पुढच्या पायावर रुपयाएवढे गोल चट्टे, मधले केस गेलेले, कडेला कोंडा. पाठोपाठ मामांच्या कोपराच्या आतल्या बाजूला, भुरीला उचलून धरायची जी जागा, तिथे तसंच एक लाल कडं उमटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे, मांजराकडून माणसाला आणि माणसाकडून मांजराला जाते. मामांनी मलम लावलं, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढल्या, भुरीला घरात कोंडून ठेवलं. चट्टे गेले. भुरी कोंडवाड्यातून सुटली आणि चट्टे पुन्हा आले. पुन्हा मलम, पुन्हा गोधड्या, पुन्हा चट्टे. ज्याच्याकडे सगळा पाडा खाजरी मांजरं घेऊन येतो त्याच्याच घरचं मांजर असं, म्हणून लोकांना हसू आवरेना. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नव्हतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि मामींनी स्पष्ट सांगून टाकलं होतं की ती येईपर्यंत हे नाही थांबलं तर मांजर गोणीत घालून आटगावच्या पुढे सोडायचं. मामा त्या काळात नीट जेवत नव्हते.

आता कुडाबद्दल सांगायला हवं. मामांच्या घराला मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड आहे, शेणाने सारवलेली पातळ भिंतच ती. अलीकडे मामा, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ. खळ्यावर आधी कोणाचं भात झोडायचं यावरून एका सुगीत दोघांचं बिनसलं, घर वाटलं गेलं, मध्ये कूड उभा राहिला आणि बोलणं बंद झालं. एकाला ठसका लागला की दुसऱ्याला ऐकू जातो, पण पाणी देणार कोण? धाकट्या मामांना तर मांजरं मुळीच आवडत नाहीत, असं ते स्वतःच गावभर सांगत. भुरी अंगणात दिसली की चप्पल उगारत.

वैशाखात भावकीत हळद होती. मी मामांच्या शेजारी जेवायला बसलो होतो, समोरच्या पंगतीत धाकटे मामा, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाहीचा सदरा घालून. जेवण झालं, ते हात धुवायला उठले आणि पाणी घेताना त्यांनी बाही वर सरकवली. कोपराच्या आतल्या बाजूला लाल कडं होतं. मामांचा घास हातातच राहिला. मग हळूच मला म्हणाले, ‘‘जावयबापू, माझी भुरी तिकडं झोपते.’’ मला वाटलं रागावलेत. बघतो तर डोळ्यांत पाणी.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही घरांत एकदम उपचार झाला तरच हे जाईल. मामा आधी माझ्या मागे लागले, तुमीच सांगा त्याला. मी सरळ नाही म्हटलं, घरच्या भांडणात जावयाने पडू नये एवढी अक्कल मला आहे. शेवटी संध्याकाळी मामा कुडाजवळ जाऊन बसले, दोनदा खाकरले आणि कारवीला उद्देशून बोलले, ‘‘मांजराला नायटा झालाय. तुला पन झालाय. हे मलम ठेवलंय वट्यावर.’’

पलीकडे बाज करकरली. मग आवाज आला, ‘‘सोनीला मलमानं बरं वाटंल का, दादा?’’

‘‘सोनी कोन?’’

‘‘मांजर.’’

चप्पल उगारणारा माणूस रोज तिला कुशीत घेऊन झोपत होता, आणि वर नावही ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कुजक्या अंड्यासारखा वास येणारं एक पिवळं औषध दिलं होतं, आठवड्याला त्यानं मांजराला अंघोळ घालायची. एकट्याने ते होणं शक्य नव्हतं, एकाने धरायचं आणि एकाने ओतायचं. रविवारी सकाळी दोघे भाऊ ओट्यावर घमेलं घेऊन बसायला लागले. सुरुवातीला बोलणं फक्त मांजराशी. ‘‘भुरे, त्याला सांग मान नीट धर.’’ ‘‘सोने, त्याला सांग डोळ्यात जातंय.’’ दोघांच्या हातांवर ओरखडे, दोघांच्या अंगाला तोच घाण वास, दोघांच्याही घरात बायका नाकाला पदर लावून. पाऊस सुरू झाला तोवर बोलण्यातलं मधलं मांजर गळालं आणि बोलणं थेट व्हायला लागलं.

चट्टे गेले ते परत आले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध बंद करायला सांगितलं. लेक आली, बाळंत झाली, मामींनी गोणीचा विषय पुन्हा काढला नाही. कूड मात्र आहे तसाच आहे. तो काढायचं कोणी म्हणत नाही, आणि खळ्याचा विषय निघाला की दोघेही अजून मांजर विंचरायला घेतात. दोघांचे केस पिकलेत, गुडघे दुखतात, आणि मधली वर्षं फुकट गेली हे दोघांनाही कळतं, असं मला वाटतं.

मागच्या रविवारी गेलो होतो. दोघे भाऊ ओट्यावर उन्हात मांजर पुढ्यात घेऊन बसलेले. शेजारी घमेलं भरून ठेवलेलं. धाकटे मामा कानामागचे केस फुंकरून बाजूला करत होते. म्हणाले, ‘‘दादा, हितं जरासं वाटतं रे.’’ मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘‘हाय थोडं. आखं नाय गेलं. पुढच्या रविवारी बघू परत.’’ मग मला म्हणाले, ‘‘तुमी बघा, जावयबापू. तुमची नजर चांगली.’’

मी वाकून पाहिलं. केस चांगले दाट आले होते, खाली कातडी स्वच्छ होती. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘‘आहे थोडं,’’ मी म्हणालो.