माझा बीम आणि मामांचा बीम

सुट्टीत अमरावतीला आले आणि अकोल्याहून मामांचा फोन आला, "एकडाव ये, बीमचं काय ते सांगून जाय." मी हुरळले. परदेशातल्या एका कण-त्वरकावर, म्हणजे पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरवर, मी इलेक्ट्रॉनांच्या झोतावर काम करते. त्याला आम्ही बीमच म्हणतो. "पोरगी बीमचं मोजमाप करते" अशी बाबांनी नातेवाइकांत जाहिरात केलीच होती. अखेर कुणाला तरी ऐकायचं होतं! लॅपटॉपमध्ये चित्रं भरून निघाले.

मूर्तिजापूरवरून लवकर पोहोचता येतं, पण मी दर्यापूरमार्गे एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, दोन्हीकडे कपाशी. खड्ड्यांत मात्र सामान मांडीवर घट्ट धरा. दर्यापूर स्टँडवर तर्रीतला आलूबोंडा जरूर खा, पण पांढरा कुर्ता घालून नको. मी घातला होता.

शेजारच्या सीटवरच्या काकूंना मी काम समजावलं. झोतातल्या किती इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेला आहे, ते मोजायचं. त्यासाठी झोत चुंबकीय केलेल्या लोखंडी पत्र्यावर आदळवायचा, मग फिरकी उलटवून पुन्हा आदळवायचा आणि किती विखुरले त्यातला फरक बघायचा.

"अन् मोजाले चुकली तं कोनाचं काई बिघडते?"

"नाही वो काकू, मी पुन्हा मोजते."

अकोल्यात मामांनी आधी चहा दिला आणि मग टॉर्च. खोलीत पलंगाच्या बरोबर वर छताचा बीम, त्याला हातभर तडा. काळ्या मातीवरचं घर; ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंती तडकतात. "तू येशील म्हनून दोन मयने आमी ओसरीत झोपून राहिलो," मामा म्हणाले. "घरचं मानूस असतानी बाहेरचा इंजिनेर काहून?"

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण चार शेजारी कौतुकाने बघत होते. मी स्टुलावर चढले, बीमवर टकटक केलं आणि गंभीरपणे "हं" म्हणाले.

मामींनी लगेच गादी उचलली. "मंग आत झोपाले हरकत नाही ना?"

मी स्टुलावरून खाली उडी मारली. "नका मामी! मले यातलं काईच समजत नाही. माया बीम वेगळा हाय, त्यात सिमेंट नसते."

शेजारी हळूच पांगले. मामा म्हणाले, "मंग इतके वर्स तुया बाप काय सांगून राहिला?"

चित्रं न उघडताच दुसऱ्या दिवशी परतले. संध्याकाळी मामींचा फोन आला. इंजिनीअर येऊन गेला होता; बीमखाली लोखंडी टेकू लावून खोलीला कुलूप घातलं होतं. माझ्या एका "हं"वर मामी त्याखाली झोपल्या असत्या. आजही ते आठवलं की लाज वाटते.

"त्यानंबी वर पाहून 'हं' केलं," मामी सांगत होत्या. "म्या म्हनलं, भाऊ, आदी सांग, तुले समजते का आमच्या पोरीवानी करून राहिला?"