एकोणतीस

देगलूर तालुक्यातल्या त्या गावात शाळा चांगली की वाईट, हे पारावर बसून ठरतं. पाढ्यांचा गलका पारापर्यंत ऐकू आला की शाळा चांगली. लुंबिनी सोनकांबळे बाईंच्या दुसरीच्या वर्गातून असा गलका येत नसे. तिथली लेकरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करायची, वाद घालायची, चुकायची आणि पुन्हा मोजायची. गावाच्या लेखी हा निव्वळ पोरखेळ होता आणि त्याला सरकार पगार देतं, हे गावाच्या डोळ्यांत खुपायचं.

बाई याच गावच्या. आई नागुबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची. लुंबिनीने लातूरला राहून डी.एड. केलं. मुलांना स्वतः शोधू द्या, घोकंपट्टी नको, या ज्ञानरचनावादावर तिथे दहा मार्कांचं उत्तर असे, आणि ते उत्तर सगळ्यांनी घोकून पाठ केलं होतं. तिला आधी हसू आलं, मग राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

मुख्याध्यापक रेणुकादास सर तिचेच जुने गुरुजी. पावकी, निमकी, दीडकी सगळं तोंडपाठ. आधी पाठ करा, समजतं मागाहून, हा त्यांचा बाणा. माणूस खोटा नव्हता, पोटतिडकीने शिकवायचा. पण हाताखालून गेलेली निम्मी पोरं त्या 'मागाहून'ची अजून वाट बघताहेत, हे त्यांना कोण सांगणार?

शेवटी शाळा समिती बसली. अध्यक्ष माणिकप्पांनी विषय काढला, की दुसरीचा वर्ग बाईंकडून काढून सरांकडे द्यावा. बाई म्हणाल्या, पाढ्यांशी माझं वैर नाही, पण आधी लेकराला कळू तर द्या. सर म्हणाले, मग परीक्षाच घेऊ. ठरावाची वही काखेत मारून ते वर्गात आले, मागोमाग समिती, आणि त्यांनी अंक सांगायला सुरुवात केली.

एकोणतीसला शांतम्माने पाटीवर ३९ लिहिले. पोरीच्या घरी तेलुगू बोलतात. इथे २९ हवे होते, म्हणत सरांनी पाटी उचलून सगळ्यांना दाखवली. माणिकप्पांनी मान हलवली. आता संपलंच, असं बाईंनाही क्षणभर वाटलं. तरी त्यांनी पाटी सरांच्या हातातून काढून पोरीकडे दिली आणि असं का लिहिलंस, ते विचारलं.

शांतम्मा बिचकली नाही. "एकोणीसमंदी नऊ हाय, म्हंजी एकोण म्हंजी नऊ. अन् तीस म्हणलं की तीन. आमच्या घरी इरवै तोम्मिदि म्हन्तात, वीस अन् नऊ. तुमी तीस म्हन्ता अन् दोन कामून लिवता?"

सरांना उत्तर येत होतं, ते त्यांनी सावकाश दिलं. ऊन म्हणजे कमी. एक ऊन तीस, म्हणजे तिसाला एक कमी.

पोरीने दहाचे तीन ढीग मांडले, एक चिंचोका बाजूला सारला, उरलेले मोजले आणि पाटी पुसून २९ लिहिले. मग कुणी न सांगता खाली ४९ लिहून विचारलं, हे एकोणपन्नास का? हो, म्हणताना सरांचा आवाज बारीक झाला होता.

"चौतीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "पण मला हे कधी कुणी विचारलंच नाही."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "मी विचारलं होतं, सर. याच वर्गात. तुम्ही मला मधल्या सुट्टीपर्यंत अंगठे धरायला लावलं. हा वर्ग मी सोडत नसते. ठराव लिहायचा तर लिहा, पण कारण म्हणून एवढंच लिहा, की बाई लेकरांना विचारू देतात."